काय समजायचं ते समजून द्या

निवृत्तीनंतर मी काय करायचं याची यादी आमच्या घरात सहा महिने आधीच तयार होती. सकाळचं फिरणं, बँक, गॅसचा नंबर लावणं, नातवाला शाळेतून आणणं आणि उरलेल्या वेळात गप्प बसणं. त्यात दुकान नव्हतं. पण पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत जमवलेली माझी पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी आणि दगड आधी कपाटावर, मग कपाटाखाली आणि शेवटी कपाटात राहायला आले होते. तिथे साड्या आधीपासून राहत होत्या. सौभाग्यवतींनी दोन महिने वाट पाहिली आणि मग निवाडा दिला : दोघांपैकी एकाने जागा खाली करायची. पुनर्वसन म्हणून मला घराची रस्त्याकडची आठ बाय दहाची खोली मिळाली. जमिनीला जमीन. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हे शब्द चेष्टेवारी वापरू नयेत हे मला कळतं. पण त्याबद्दल पुढे येतोच.

अशा रीतीने दुकान निघालं. नाव नाही. काच लावलेलं एक टेबल, तीन पत्र्याचे डबे, एक भिंग, गिऱ्हाइकाला खुर्ची आणि मला स्टूल. काचेखाली १९५७ चा नया पैसा, युद्धकाळातला भोकाचा पैसा, कमळ असलेलं पिवळं वीस पैशांचं नाणं, पंचम जॉर्जचा एक रुपया आणि झिजून गुळगुळीत झालेल्या चार शिवराया. डब्यांत तिकिटं. खिडकीत दगड : विहिरी खणताना काळ्या फत्तराच्या पोटातून निघणारे पांढरे, हिरवट, पीचच्या रंगाचे स्फटिक. शेतकरी त्यांना गारा म्हणतो आणि बांधाला फेकतो. जगभरचे शौकीन मात्र त्याच गारांना कापसात गुंडाळून ठेवतात. सिन्नरला तर त्यांचं 'गारगोटी' नावाचं अख्खं संग्रहालय आहे. माझ्या खिडकीतल्या गारा बांधावरून उचललेल्या आहेत. कापूस मात्र मी विकत आणला.

अडचण आली ती भावाची. नातू म्हणाला, "आजोबा, सगळ्यांना चिठ्ठ्या चिकटवा." मी चिठ्ठ्या कापल्या, पेन घेतलं आणि पहिलाच नया पैसा समोर ठेवला. त्याच्या अंगावर 'रुपये का सौवाँ भाग' असं कोरलेलं आहे. आपला भाव स्वतः सांगणारी ही माझ्या दुकानातली एकमेव प्रामाणिक वस्तू. आता हा किती रुपयांना द्यायचा? शाळेत असताना एका मित्राने दोन कैऱ्यांच्या बदल्यात तो मला दिला होता. बाजारात तसले पुष्कळ मिळतात, दहा-वीस रुपयांच्या वर कोणी विचारणार नाही. पण त्या दोन कैऱ्या आमच्या नव्हत्या, आणि त्या ज्यांच्या होत्या त्यांचा मार मी एकट्याने खाल्ला होता. तो धरला तर नया पैसा दोन हजारांच्या खाली परवडत नाही. तासाभरात माझ्या चिठ्ठ्यांवर एकही आकडा उमटला नाही. शेवटी त्या सगळ्या फेकून मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : 'भाव तुम्ही सांगा.'

मला वाटलं, आपण फार पुढारलेलं काम केलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त पोस्टमास्तर. अर्धा तास त्यांनी तिकिटं चाळली, गांधी शताब्दीचं एक पाकीट बाजूला काढलं आणि विचारलं, "सर, काय द्यायचे?"

"पाटी बघा की. तुम्ही सांगायचं."

"छे छे, असं कसं? वस्तू तुमची."

"पण घ्यायचं तुम्हाला आहे."

"तुम्ही काय ते वाजवी सांगा, मी काही घासाघीस करणार नाही."

"मीही करणार नाही. तुम्ही आकडा सांगा."

"तुम्हाला परवडेल ते."

"तुमच्या मनात असेल ते."

असं आमचं लग्नातल्या पंगतीसारखं आग्रहाचं चाललं. तेवढ्यात आतून चहा आला. चहा पिऊन पोस्टमास्तर उठले, पाकीट जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "विचार करून सांगतो." त्या दिवशी भवानी झाली नाही. उलट दोन कप चहा गेला.

चार-पाच जणांचं असं झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे भाव पाडायला कोणी घाबरत नाही. पण पाडायला आधी काहीतरी उभं असावं लागतं. भाजीवालीने 'चाळीस' म्हटलं की आपल्या तोंडून 'पंचवीस' आपोआप निघतं. जीभ त्यासाठीच लहानपणापासून तयार झालेली असते. चाळीस म्हटलंच नाही तर पंचवीसने कशाला टेकायचं? पहिला आकडा बोलणं म्हणजे अंधारात जिन्याची पहिली पायरी शोधणं. पाय जरा जास्त खाली गेला तर माणूस मूर्ख ठरतो, आणि हवेतच राहिला तर चिक्कू. दोन्ही परवडत नाही. म्हणून सगळे उंबऱ्यात उभे राहून 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करतात.

याच आजाराचं दुसरं रूप म्हणजे 'काय समजायचं ते समजून द्या'. नळ दुरुस्त करणारा हे म्हणतो, सत्यनारायण सांगून उठलेले गुरुजी म्हणतात, शेतातून आंब्याची पाटी डोक्यावर घेऊन आलेला ओळखीचा माणूस म्हणतो. मराठीत याहून महागडं वाक्य नाही, असं माझं मत झालं आहे. नळवाल्याने 'दोनशे' म्हटलं असतं तर मी दीडशेवर तोडलं असतं आणि दिवसभर खुशीत राहिलो असतो. 'समजून द्या' म्हटल्यावर मी तीनशे देतो आणि तरीही, त्याने न मोजता खिशात घातले म्हणजे कमी पडले की काय, म्हणून रात्री कुशीवर वळतो. भाव सांगितला की वस्तूची किंमत होते. सांगितला नाही की आपली होते. मी तर बाहेर पाटीच लावून बसलो होतो, तेव्हा गल्लीतली माणसं माझ्या दुकानासमोरून जरा झपझप का चालतात ते मला कळलं.

तरी हळूहळू माणसं यायला लागली. सगळ्यात सरळ गिऱ्हाईक पोरं. एक सातवीतला मुलगा कंपासपेटी उघडून म्हणाला, "माझ्याकडे सात रुपये आहेत. त्यातले पाच देतो, दोन मला घरी जाताना लागतात." याला म्हणतात बोली. घेणाऱ्याची ऐपत, गरज आणि परतीचं भाडं, सगळा हिशेब एका वाक्यात. मी त्याला हंगेरीची तीन फुलपाखरं दिली. मोठ्यांपैकी कोणी माझ्याशी इतकं स्पष्ट बोललेलं नाही.

दुसऱ्या टोकाला एक आजीबाई. त्यांना शिवराई देव्हाऱ्यात ठेवायला हवी होती. त्यांनी पदराची गाठ सोडून पाचशेची नोट काचेवर ठेवली. मी म्हटलं, "आजी, इतके नाही होत. शंभर पुष्कळ झाले." तर त्या रागावल्या. "महाराजांचं नाणं शंभरात?" मी दोनशेवर आलो. त्या साडेचारशेच्या खाली उतरेनात. शेवटी तीनशेवर तुटलं, तेही मी 'भवानीची वेळ आहे, ऐका माझं' अशी गळ घातल्यावर. विकणारा भाव पाडतोय आणि घेणारी चढवतेय हा प्रकार दाराशी उभं राहून पाहणाऱ्या दोघांनी दुसऱ्या दिवशी गावभर केला. त्यानंतर आठवडाभर मला भेटणारा प्रत्येक माणूस तब्येत कशी आहे ते विचारत होता.

आणि मग विकायला येणारे. पाटी त्यांनी आपल्या सोयीने वाचली : भाव तुम्ही सांगा, म्हणजे आम्ही सांगू. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्यावर दुसरी पिशवी, वर रुमाल, असं घेऊन एक गृहस्थ आले. पडदा ओढता येईल का, असं त्यांनी विचारलं. दुकानाला पडदा नाही. मग कुजबुजत म्हणाले, "मोबाईलवर आलंय, याचे लाख मिळतात. तुम्ही आपले सत्तर हजार द्या." त्या मोबाईलवरच्या निरोपांनी किती जणांना बुडवलं असेल देव जाणे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आमच्या नावाने कोणी शुल्क मागितलं तर देऊ नका. मी त्यांना हे वाचून दाखवलं. ते मंद हसले. त्यांच्या हसण्याचा अर्थ असा होता की मास्तरला भाव पाडता येतो.

खरं म्हणजे भाव ठरलेला असणं हीच नवलाई आहे, घासाघीस ही जुनी रीत. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात १८५२ पासून आरिस्टिड बुसिको यांनी वस्तूंवर ठरलेले भाव लावायला घेतले, आणि तेव्हा ते लोकांना चमत्कारिक वाटलं होतं. आपल्याकडे पाकिटावर 'सर्व करांसह जास्तीत जास्त किरकोळ किंमत' छापायची सक्ती आली ती १९९० च्या सुमाराला. म्हणजे माझ्या आईने तिच्या आयुष्यातला बहुतेक किराणा छापील किमतीविना आणला. तिला कोणी फसवल्याचं आठवत नाही. तिने मात्र काहींना फसवलं असावं, अशी मला शंका आहे.

आमच्या जिल्ह्यात अजून ही रीत जिवंत आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर हिवाळ्यात जमीन लाल होते आणि बाजार समितीत बोल्या लागतात. आठवडे बाजारात 'कितलाले, भो?' हा शब्द नमस्कारासारखा वापरतात. आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार ज्याने पाहिला नाही त्याने घासाघीस पाहिलीच नाही. घोड्याला हात लावणारा, दात बघणारा, खोट काढणारा आणि तोंड फिरवून निघून जाणारा एकच माणूस असतो, आणि तोच घेणार असतो. जनावरांच्या बाजारातला जुना सौदा तर बोलतच नाही. दोघे हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडे सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी. कोणाला काही कळत नाही. पहिला आकडा बोलण्याची लाज ज्याने कोणी अशी रुमालाखाली झाकली, तो मोठा माणूस असला पाहिजे. दरवर्षी वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली : अमुक घोड्याला इतक्या लाखांची, हल्ली कोटीची, मागणी आली आणि मालकाने तो विकला नाही. तरुणपणी मला ती जाहिरात वाटायची. आता वाटतं, घोडा यात्रेला नेतात तो विकायलाच असं थोडंच आहे? किती जणांना हवा आहे, हे कळायलाही नेत असतील.

रुमालाची युक्ती माझ्या दुकानात चालण्यासारखी नव्हती, कारण गिऱ्हाइकांत काही भगिनीही होत्या. म्हणून मी पुस्तकात शोधलं. १७९७ साली गटे या जर्मन कवीला आपलं एक दीर्घकाव्य बर्लिनच्या फीवेग नावाच्या प्रकाशकाला द्यायचं होतं. त्याने आपली किंमत एका चिठ्ठीत लिहिली, चिठ्ठी मोहोरबंद केली आणि एका मध्यस्थाच्या हवाली केली. अट अशी : प्रकाशकाने आपला आकडा सांगायचा. तो चिठ्ठीतल्यापेक्षा कमी निघाला तर सौदा मोडला. जास्त निघाला तर प्रकाशकाने चिठ्ठीतलाच आकडा द्यायचा, वरचे पैसे त्याचे त्याला. म्हणजे कवीला पैशांपेक्षा, आपली किंमत समोरचा काय करतो, ते जाणून घ्यायचं होतं. चिठ्ठीत होते एक हजार थेलर. आणि प्रकाशकाने सांगितले बरोबर एक हजार थेलर. मध्यस्थ फुटला होता! जगातला कोणताही लिलाव असो, मध्यस्थाला चहा कोणी पाजला ते आधी बघावं.

अशीच युक्ती पुढे माझ्या जातभाईंनी वापरली, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांनी. अमेरिकेत १८९३ साली टपालाने तिकिटांचे लिलाव चालत. लांबच्या माणसाने आपला आकडा पत्राने कळवायचा. ज्याचा सगळ्यात मोठा त्याला वस्तू मिळे, पण पैसे द्यायचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याच्या जेमतेम वर. म्हणजे मनातला खरा आकडा लिहायला भीती नाही. ६८ वर्षांनी, १९६१ मध्ये, विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने हीच गोष्ट गणिताने सिद्ध केली, आणि १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झालं. बिचारे तिसऱ्या दिवशी वारले. तिकिटवाल्यांना कोणी काही दिलं नाही.

मी लगेच पुठ्ठ्याची पेटी केली. एका रविवारी पीच रंगाचा एक स्फटिक टेबलावर ठेवला आणि नियम समजावून सांगितला : चिठ्ठीत आकडा लिहा, मोठा आकडा जिंकेल, पैसे दुसऱ्याच्या आकड्याइतके. नऊ चिठ्ठ्या पडल्या. संध्याकाळी पेटी उघडली. तीन चिठ्ठ्यांवर 'तुम्ही म्हणाल ते' असं लिहिलं होतं. एकीवर 'दुसऱ्यापेक्षा एक रुपया जास्त.' एक कोरी, फक्त सही. दोन चिठ्ठ्यांवर चारशे एक आणि अकरा असे आकडे होते, अक्षर एकाच घरातलं वाटत होतं. उरलेल्या दोघांनी दहा-दहा लिहिले होते. नियमाप्रमाणे वस्तू चारशे एकवाल्याला अकरा रुपयांत गेली. बापलेकांनी येताना पिशवी आणली होती. नोबेलच्या समितीने आमच्या गल्लीत येऊन जायला हवं होतं.

'जमिनीला जमीन' बद्दल पुढे येतो म्हटलं होतं, ते आता. गाव मणिबेली.

निवृत्तीच्या आधीच्या एका निवडणुकीत माझी ड्युटी तिथे लागली होती. राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा क्रमांक १ आणि त्यातल्या मतदान केंद्रांत मणिबेली क्रमांक १. यादीत पहिलं, वाटेत शेवटचं. यंत्रं, शाई, कागदांची गाठोडी आणि आम्ही चौघं, अशी वरात सरदार सरोवराच्या पाण्यावरून बोटीने निघाली. दोन्ही बाजूंना डोंगर गुडघाभर पाण्यात उभे. आमच्यात एक तलाठी होता. उमेदीची वर्षं त्याने भूसंपादनात काढलेली. पाण्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, इथे खाली शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर आहे." गुजरातेत गोऱ्याला नवं बांधलं आहे. जुनं खाली.

शूलपाणीच्या झाडीचं नाव नर्मदा परिक्रमा केलेल्यांच्या तोंडून मी पुष्कळ ऐकलं होतं. परिक्रमेतली ती जुनी परीक्षा. नर्मदा ही मैया, म्हणून झाडीत भेटणारे भिल्ल ते मामा. मामा भाच्याच्या अंगावरचं सगळं उतरवून घेत, लंगोटी राखून. भाव बोलायचा प्रश्नच नसे. गंमत अशी की लुटून घेतलेली माणसंसुद्धा हे पुढे चाळीस वर्षं अभिमानाने सांगत. मैयेने ओझं हलकं केलं म्हणत. मी बोटीत ही गोष्ट सांगितली तेव्हा नाव हाकणारा गावचा पोरगा म्हणाला, "सर, त्यांचं पोतडंच गेलं." आणि पुढे काही बोलला नाही.

महाराष्ट्रातली ३३ गावं सरदार सरोवराच्या धरणाखाली आली. मणिबेली त्यांतलं पहिलं. १९७९ च्या नर्मदा लवादाने जमिनीला जमीन द्यायची म्हटलं होतं. पण जमीन घेण्याचा कायदा होता १८९४ चा. तलाठ्याने मला तो बोटीत शिकवला. बाजारात भाव असतो, म्हणाला, आमच्याकडे निवाडा असतो. घेणाराच मोजतो, घेणाराच भाव लावतो आणि नोटीस विकणाऱ्याला जाते. हरकत घेता येते, पैसे वाढवून मागता येतात. फक्त 'नाही विकायचं' असा रकाना फॉर्ममध्ये नाही. मात्र कायदा करणाऱ्यांना ते खटकलं असावं, कारण त्यांनी सक्तीने घेतो म्हणून वर 'दिलासा रक्कम' ठेवली. १८९४ मध्ये शंभराला पंधरा, १९८४ च्या दुरुस्तीत तीस, आणि २०१३ च्या नव्या कायद्यात शंभराला शंभर. मी जन्मभर जुन्या वस्तूंच्या किमती बघत आलो, पण 'नाही' या शब्दाची किंमत सव्वाशे वर्षांत इतकी चढलेली दुसरीकडे पाहिली नाही. मणिबेलीच्या वेळी ती तीसवर होती. ज्यांच्या जमिनीला सातबाराच नव्हता त्यांच्या बाबतीत तीस कशावर मोजायचे, हा आणखी वेगळा प्रश्न.

तरी तो नसलेला रकाना गावाने भरला. 'नाही' म्हटलं. पावसाळ्यात पाणी घरात शिरेपर्यंत म्हटलं. काही घरं उठून गेली, काही टेकडीवर वर वर सरकत राहिली. १९९३ मध्ये जागतिक बँक या धरणातून बाहेर पडली. पुढच्या वर्षी जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसे देऊ नयेत म्हणून जे निवेदन काढलं, त्याचं नावच 'मणिबेली जाहीरनामा'. रस्ता गावाला पोहोचायच्या आधी गावाचं नाव वॉशिंग्टनला पोहोचलं. धरण मात्र पूर्ण झालं, २०१७ साली त्याचं लोकार्पणही झालं.

रात्री आमच्या जेवणाची सोय एका म्हाताऱ्याच्या घरी झाली. भाकरी आणि लाल चटणी. डोळ्यांत पाणी आणणारी, पण हात थांबू न देणारी. चटणी ज्याने वाटली तो गोटा चुलीपाशी होता, आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं. काळसर हिरवा, अंड्याच्या आकाराचा, मधून जानव्यासारखी पांढरी रेघ. जुन्या काठावरचा नर्मदेचा गोटा. तो काठ आता कोणालाच दिसणार नाही. म्हातारा म्हणाला, घर तीनदा वर चढवलं, तीनदा हा बरोबर आला.

मी बेत करून हळूच विचारलं, "बाबा, हा कितीला देता?"

"हा? हा नाही द्यायचा, मास्तर."

"पन्नास देतो."

म्हातारा नुसता हसला. मी शंभर म्हटलं, मग दोनशे. एकट्यानेच घासाघीस चालली होती, आणि दर वेळी मीच वर चढत होतो. तीनशेला मी थांबलो. तलाठी माझ्याकडे टक लावून बघत होता.

"का नाही देत पण?"

"मग मिरची कशाने वाटू?"

यावर मला काही सुचेना. म्हाताऱ्याचा हात माझ्या शेजारच्या मोठ्या बॅटरीकडे गेला. बटण दाबून त्याने छपरावर प्रकाश पाडून बघितला. "ही कितीला देतो?"

"ही नाही देता येत, बाबा. शाळेची आहे. म्हणजे सरकारची."

"सरकारची विकता येत नाही?"

"नाही."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हातारी पाणी घेऊन आली, तिला त्याने त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि मग तीही हसायला लागली. तलाठी भाकरीकडे बघत होता. मला सगळं कळलं नाही, पण बरंचसं कळलं. सकाळी मतदानाला दोघं सगळ्यांत आधी आली. बोटाला शाई लावून घेताना म्हातारा म्हणाला, "मास्तर, चटणी पाहिजे तर ने." नेली. पानात बांधून दिली होती. पैशाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुकानात बसून या गोष्टीचा विचार करताना मी पाटी बदलायला घेतली होती. शेवटी तीच ठेवली, फक्त खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली : 'द्यायचं की नाही ते आम्ही सांगू.' सौभाग्यवतींचं म्हणणं असं की असल्या ओळीने दुकान चालत नसतं. त्यांचं बरोबर आहे, पण उलटंच झालं. आता लोक आत येऊन पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, यातलं कुठलं द्यायचं नाही?" मी नया पैसा दाखवतो, आणि मग त्यांना तोच हवा असतो. जे पोस्टमास्तर आकडा बोलायला तयार नव्हते त्यांनी परवा त्याच्यावर तीनशे लावले. काल सारंगखेड्याचा एक घोडेवाला सहज डोकावला. त्याने नाणं भिंगातून पाहिलं, कड बोटाने चाचपली, 'झिजलाय' म्हणाला, तोंड फिरवलं आणि दारापर्यंत गेला. तिथून वळून साडेतीनशे.

दुकान रविवारी सकाळी १० ते १ उघडं असतं. गांधी शताब्दीचं पाकीट अजून आहे. भाव तुम्ही सांगा. नया पैशाचं विचारू नका.